वस्तूसोबत तिची हकिकतही घ्या

जानेवारी २०१६ च्या चौथ्या आठवड्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे हिमवादळ आले. पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्ग इथे अडीच फुटांच्या आसपास बर्फ साचला. अशा वादळानंतरचा क्रम तिथल्या लहान गावांच्या अंगवळणी पडलेला आहे. आधी बर्फ लोटणारे ट्रक हमरस्ता मोकळा करतात, मागोमाग मीठ पसरले जाते आणि मग दुकानदार फावडी घेऊन आपापल्या दारापुढची वाट काढतात. उघड्या मैदानातले जुने बाजार तेव्हा बंदच असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा, १९५९ पासून भरणारा प्रसिद्ध बाजारसुद्धा मे, जुलै आणि सप्टेंबर या तीनच महिन्यांत भरतो. त्यामुळे भर हिवाळ्यात जुन्या वस्तूंच्या शौकिनांची पावले वळतात ती गावातल्या छपराखालच्या दुकानांकडे.

या दुकानांची रचना ठरलेली असते. एखादी जुनी गिरणी, कोठार किंवा बंद पडलेली शाळा; आत भाड्याने दिलेले गाळे आणि काचेची कपाटे. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर किंमत आणि विक्रेत्याचा क्रमांक. गल्ल्यावर मात्र एकच माणूस. एरवी त्याला मान वर करायला सवड नसते. बर्फानंतरच्या आठवड्यात गिऱ्हाईक तुरळक असते, काही विक्रेते आपले गाळे नव्याने लावायला आलेले असतात आणि विचारणारा भेटला तर ते मोकळेपणाने बोलतात. हे कपाट कोणत्या शेतघरातून आले, तिथली म्हातारी माणसे गेल्यावर मुलांनी घरातल्या सामानाचा लिलाव कसा केला, पेटीवरचा निळा रंग मूळचा की नंतर चढवलेला, हे सगळे त्यांना ठाऊक असते.

बहुतेक गिऱ्हाइके ते ऐकून सोडून देतात आणि वस्तू घेऊन निघतात. जुन्या वस्तूंच्या व्यवहारातले सर्वांत मोठे नुकसान इथे होते. वस्तू वाचते, पण ती कुणाची, कुठली, कशासाठी केलेली, हे पुसले जाते. एकदा ते पुसले गेले की चौथ्या-पाचव्या हातात वस्तूला उरतो तो तिच्या लाकडाचा नाही तर धातूचा भाव.

या छंदाच्या ज्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात, त्या घबाडाच्या असतात. पेनसिल्व्हेनियातल्या ॲडम्सटाऊन या जुन्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गावाची गोष्ट त्यांतली सर्वांत गाजलेली. १९८९ मध्ये तिथल्या बाजारात एका गृहस्थाने ४ डॉलरला एक फाटके चित्र घेतले, तेही चौकट आवडली म्हणून. चौकट उकलताना चित्रामागे घडी घातलेला छापील कागद निघाला. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची पहिली छपाई होती. ४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅप या मुद्रकाने या जाहीरनाम्याच्या सुमारे २०० प्रती छापल्या. त्यांतल्या जेमतेम पंचवीस-सव्वीस आज शिल्लक आहेत. १९९१ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीत हा कागद २४ लाख २० हजार डॉलरला गेला, २००० मध्ये ८१ लाख ४० हजारांना. नशिबाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. पण तो कागद चित्रामागे कुणी ठेवला, कशासाठी ठेवला, तो कोणत्या घरात होता, यातले काहीच चित्रासोबत आले नाही. चौकट कुणाला आवडली नसती, तर एका राष्ट्राच्या जन्माचा हा कागद चित्राबरोबर कचऱ्यात जाऊ शकला असता.

दुसरे उदाहरण याहून अंगावर येणारे आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका मोडवाल्याने जुन्या बाजारातून सोन्याचे एक छोटे अंडे सुमारे १४ हजार डॉलरला घेतले. आत एक घड्याळ होते. वितळवून चार पैसे सुटतील हा त्याचा हिशेब. पण सोन्याच्या वजनावर बोली लावणाऱ्यांनी तेवढी किंमत दिली नाही आणि अंडे त्याच्या घरातच राहिले. २०१२ मध्ये त्याने घड्याळावरचे 'व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन' हे नाव आणि 'अंडे' हा शब्द इंटरनेटवर शोधला. समोर आला तो रशियाच्या राजघराण्याच्या हरवलेल्या ठेव्याविषयीचा वृत्तपत्रातला लेख. झार तिसऱ्या अलेक्झांडरने १८८७ च्या ईस्टरला महाराणीला भेट दिलेले, फाबर्जेच्या कारखान्यात घडलेले ते अंडे होते. लंडनच्या वार्टस्की या पेढीने ते ओळखले आणि २०१४ मध्ये लोकांना दाखवले. हेच अंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २,४५० डॉलरला विकले गेले होते. तेव्हाच्या यादीत ना फाबर्जेचे नाव होते, ना झारचे. एका ओळीची माहिती गळली आणि पन्नास वर्षांत ही वस्तू भट्टीच्या तोंडाशी येऊन पोचली.

हकिकत जपली की काय होते, हे तिसऱ्या प्रकरणात दिसते. पश्चिम व्हर्जिनियातल्या जुन्या बाजारात ७ डॉलरच्या खोक्यात रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे सीन नदीकाठचे इवलेसे चित्र मिळाल्याचे एका बाईंनी सांगितले आणि २०१२ मध्ये त्याचा लिलाव ठरला. वॉशिंग्टन पोस्टच्या वार्ताहराने बाल्टिमोर कलासंग्रहालयाचे जुने कागद चाळले, तेव्हा हे चित्र १९३७ मध्ये तिथे आल्याची नोंद सापडली. मग संग्रहालयाच्याच दप्तरातून कळले, की ते नोव्हेंबर १९५१ मध्ये चोरीला गेले होते. लिलाव थांबला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने चित्र संग्रहालयाला परत दिले. साठ वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने नीट लिहून ठेवलेल्या कागदावर हा निकाल उभा राहिला.

नोंद नसली तर वस्तू स्वतः थोडेफार बोलते, पण तिचे बोलणे समजायला हवे. अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत छापण्याची सक्ती १८९० च्या कायद्याने आली आणि १८९१ पासून लागू झाली. बशीच्या तळाशी देशाचे नाव असेल तर ती बहुधा त्यानंतरची. 'निप्पॉन' असा शिक्का असलेली जपानी भांडी १९२१ च्या आधीची, कारण त्यानंतर 'जपान' लिहिणे भाग पडले. तिथल्या फळ्यांवर भारतातून गेलेली नक्षीदार पितळी तबके आणि कलशही सापडतात आणि त्यांच्या तळाशीही देशाचे नाव कोरलेले असते. लाकूडकामात खणाच्या कोपऱ्यातले सांधे पाहावेत: दाते कमीजास्त रुंदीचे असतील तर हाताचे काम, सगळे अगदी सारखे असतील तर यंत्राचे. फळीच्या मागच्या बाजूला गोल वळणाचे ओरखडे दिसले तर ती चकती करवतीने कापलेली. ज्याला हे वाचता येते, तो विक्रेत्याच्या सांगण्याची पारख करू शकतो.

हिवाळ्यातल्या खरेदीत वस्तूची काळजीही आलीच. थंडीने गारठलेले कपाट थेट तापवलेल्या खोलीत आणून ठेवले, तर कोरड्या हवेत लाकूड आक्रसते, सांधे सुटतात, वरचा व्हीनियरचा पापुद्रा उचलला जातो. गार धातूवर दव धरते. जाणकार गिऱ्हाईक वस्तू गोधडीत गुंडाळून आणते, आधी कमी उबेच्या खोलीत ठेवते आणि रस्त्यावरच्या मिठाचा ओलावा लागू देत नाही. वस्तू जपण्याची ही रीत तिथे बऱ्यापैकी रुजली आहे. तिची हकिकत जपण्याची रीत मात्र तिथेही अजून हौशी लोकांपुरतीच आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे दूरची गंमत म्हणून पाहू नये. इथली वादळे पावसाळ्याची असतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची घरे उघडी केली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. चिपळूणच्या दीडशेहून अधिक वर्षे जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर २०२१ मध्ये पुन्हा पाणी शिरले. पूर ओसरला की घरोघरी चिखल उपसला जातो आणि अंगणात ढीग लागतो: तांब्याचे घंगाळ, पितळी समई, अडकित्ता, देव्हाऱ्याची चौकट, भिजलेल्या रोजमेळाच्या वह्या. डोक्यावर छप्पर नसलेल्या कुटुंबाला त्या क्षणी पैसे हवे असतात आणि तराजू घेऊन आलेल्या माणसाला वजन. त्या कुटुंबाला दोष देता येणार नाही. दोष असेल तर तो मधली कडी नसण्याचा, म्हणजे ढिगाजवळ थांबून चार प्रश्न विचारणारा आणि उत्तरे लिहून घेणारा माणूस नसण्याचा.

वजनाचा भाव कुठवर नेतो, हे दिवेआगरने पाहिले आहे. १९९७ मध्ये तिथल्या एका वाडीत तांब्याच्या पेटीत गणेशाचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचे नाव सर्वदूर झाले. मार्च २०१२ मध्ये दोन पहारेकऱ्यांचे जीव घेऊन चोरांनी तो पळवला आणि वितळवला. पुढे काही सोने परत मिळाले. तो मुखवटा मिळाला नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्यात उभे आहे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे गृहस्थ, पोटापाण्यासाठी चष्म्यांचे दुकान. १९२० च्या दशकापासून त्यांनी वाडे, जुने बाजार आणि गावोगावची घरे पालथी घातली आणि दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये गोळा केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि सुमारे २० हजार वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. त्यांतल्या बहुतेक वस्तू राजेरजवाड्यांच्या नव्हत्या. घराघरांत रोज हाताळल्या जाणाऱ्या होत्या. मोडीत निघण्याआधी त्या कुणीतरी मोलाच्या मानल्या, एवढ्यानेच त्या आज आहेत.

कायदाही या बाजूने आहे. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, परवानाधारकाने नोंदवह्या आणि छायाचित्रे ठेवायची असतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे घंगाळ, बलुतेदाराचे हत्यार, गिरणी कामगाराचा डबा यांना ही चौकट लागत नाही. त्यांची नोंद समाजानेच ठेवायची आहे.

विक्रेत्यांच्या दोन हरकती खऱ्या आहेत. वस्तू कुठून आली हे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी त्याच दारात प्रतिस्पर्धी उभा राहतो. शिवाय हकिकतीने किंमत वाढते म्हटल्यावर बनावट हकिकतीही वाढतात आणि साधा तांब्या थेट पेशव्यांच्या घरातला होतो. दोन्हींवर उपाय आहे. घराचे नाव झाकून गाव आणि साल सांगता येते. आणि लिहिताना स्वतः पाहिलेले, मालकाने सांगितलेले आणि नुसते ऐकलेले असे तीन रकाने वेगळे ठेवले, तर पुढच्या माणसाला कशावर किती विसंबायचे ते कळते.

या कामाला मोठा निधी लागत नाही. नगर वाचनालये, इतिहास मंडळे आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी मिळून तालुक्यात एक नोंदवही सुरू करावी. वस्तूचे स्थानिक नाव, गाव, शेवटचा वापर, घडवणाऱ्या कारागिराची आळी, सांगणाऱ्याची संमती आणि दोन छायाचित्रे एवढे पुरेसे आहे. वस्तू विकायची की नाही, हा हक्क घरच्यांचाच राहावा. जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांनाही यात घ्यावे, कारण गावोगावची घरे त्यांच्याइतकी कुणीच पाहिलेली नसतात. सुरुवात नदीकाठच्या गावांपासून व्हावी आणि ती पावसाळ्याआधी व्हावी. नोंदवहीची एक प्रत मात्र पूररेषेबाहेरच्या एखाद्या गावच्या वाचनालयात ठेवावी.