नांगराची झीज मोजता, गुडघ्याची कोण मोजणार?



उत्पादनखर्चाचा तक्ता आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलाची मेहनत, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज. कृषिमूल्य आयोगाच्या या तक्त्यात अवजारांची झीजसुद्धा धरलेली असते. लोखंडी नांगर वापरून झिजतो, हे दिल्लीतल्या साहेबाला मान्य आहे. पण तो नांगर धरणाऱ्याचा गुडघा झिजतो, कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे ताठरतात, ही झीज कोणत्याच रकान्यात नाही. घरच्या माणसाची मजुरी धरतात ती दिवसाच्या रोजाने. दिवस भरला, हिशेब मिटला. वीस वर्षांनी तेच माणूस उकिडवे बसू शकत नाही, तेव्हा त्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

संधिवात हे म्हातारपणाचे दुखणे, त्यावर बैठकीत काय बोलायचे, असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे उलटे आहे. हा दवाखान्याचा प्रश्न आहेच. पण त्याआधी तो रोजगाराचा आहे. सांधा दुखू लागला की माणूस एकदम मोडत नाही. आधी त्याचे काम जाते, मग पैसा जातो, मग औषध थांबते आणि मग माणूस मोडतो. ही साखळी कामाच्या कडीपाशी तोडता येते.

दुखणे किती आणि कोणाचे

खेड्यात हे दुखणे किती, याची मोजणी आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसे तपासली. शंभरातल्या अठरा जणांना सांध्यांचे, स्नायूंचे, पाठीकमरेचे काही ना काही दुखणे निघाले. त्यातले बरेचसे झिजेचे आणि श्रमाचे. दोनशेत साधारण एकाला आमवात होता, म्हणजे ज्यात शरीर स्वतःच आपल्या सांध्यांवर उलटते तो.

हे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. झिजेचा संधिवात हळूहळू येतो. गुडघ्यावर बसून, उकिडवे राहून, ओझी उचलून तो वाढतो. आमवात तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पटीने जास्त होतो. सकाळी उठल्यावर बोटे तासभर वळत नाहीत, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, ही त्याची खूण. त्यात पहिली वर्ष-दोन वर्षे मोलाची असतात. तेवढ्यात योग्य डॉक्टर गाठला, रक्त तपासत औषध घेतले, तर सांधे वाचतात आणि माणूस कामावर राहतो. त्यावरचे मुख्य औषध महागही नाही. मात्र ते आठवड्यातून एकदाच आणि देखरेखीखालीच घ्यायचे असते. आपल्याकडे ही पहिली वर्षे बाजारातल्या पुडीत जातात. पुडीने दोन दिवसांत बरे वाटते, कारण तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि सांधा आतून कुरतडला जातो तो जातोच.

याला साथींची भर. चिकुनगुनिया बार्शीला १९७३ मध्ये येऊन गेला होता; २००६ साली त्याने मराठवाडा-विदर्भासह राज्यभर गावेच्या गावे आडवी केली. ताप आठवड्यात उतरला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरलेले राहिले. त्या हंगामात किती रोज बुडाले, याची नोंद कोणी ठेवली?

खारबावहून दिसते ते

हे मी खारबावहून लिहितो आहे. वसई-दिवा रेल्वेवरचे भिवंडी तालुक्यातले हे गाव. इथे खाडीलगतची भातशेती. तुमच्या कापसा-ज्वारीशी तिचा काय संबंध, असे विचाराल, तर संबंध दोन आहेत.

पहिला संबंध सुताचा. तुमच्या रानातली बोंडे जिनिंगमधून, सूतगिरणीतून फिरत फिरत भिवंडीच्या यंत्रमागावर येतात. तिथे मागवाला बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असतो. रोजंदारी नाही, मीटरवर पैसे. म्हणजे एका टोकाला किलोवर वेचणारी बाई आणि दुसऱ्या टोकाला मीटरवर विणणारा कारागीर. दोघांनाही पगारी रजा नाही, दोघांचेही दुखणे कामाचा वेग घटवते आणि वेग घटला की पैसे घटतात. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन दुखरे सांधे बांधलेले आहेत.

दुसरा संबंध माणसांचा. कोरडवाहू शिवारातून निघालेली माणसे इथल्या गोदामांत ओझी उचलायला येतात. पूर्वी शंभर किलोचे पोते पाठीवर यायचे. हमालांच्या चळवळीने ते पन्नासवर आणायला लावले. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदलेल्या हमालाला मंडळ मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पण ठेकेदाराच्या हाताखालचा बिननोंदीचा पोरगा कमरेतून गेला, की त्याला परतीची गाडी दाखवतात. तो परत येतो तो तुमच्याच बांधावर. शहर धडधाकट माणूस घेते आणि मोडका परत करते. त्याची दुरुस्ती शेतीच्या खात्यावर.

माणूस नको, खुरपे बदला

"त्याला आता काम झेपत नाही," असे आपण चटकन म्हणतो. नेमके कोणते काम झेपत नाही, हे विचारत नाही.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीने निंदणी करावी लागे. दिवसभर कंबर दुमडून. मळेवाले म्हणत, लांब दांड्याने काम नीट होत नाही, रोपे तुटतात, आम्ही बुडू. खरे कारण असे, की आखूड दांडा असला म्हणजे कोण वाकला आहे आणि कोण उभा राहून दम खातो आहे, हे मुकादमाला लांबून दिसते. डॉक्टरांनी साक्षी दिल्या, की या अवजाराने पाठीचा कणा कायमचा बिघडतो. मजूर कोर्टात लढले आणि १९७५ साली आखूड कुदळ बंद झाली. मळेवाले काही बुडाले नाहीत. पीक तेच, माती तीच, माणसे तीच. बदलला फक्त दांडा.

आपले खुरपे त्या कुदळीहून आखूड आहे. निंदणीला बाई दिवसभर उकिडवी सरकते आणि संध्याकाळी गुडघा धरून उठते. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आज तालुक्याच्या बाजारात मिळते. दोन ओळींतले तण त्याने निघते, खुरपे उरते ते फक्त रोपाभोवती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा हलका असतो, मनगटाला कमी हिसका देतो. रब्बीची ज्वारी आपण मुळासकट उपटतो. तो झटका बोटांच्या आणि खांद्याच्या सांध्यांवर बसतो. ज्याचे हात दुखतात त्याने उपटू नये, कणसे खुडायला बसावे. कापूस वेचताना ओटी भरत जाते तसा कमरेवरचा भार वाढत जातो. ओटी निम्मी झाली की बांधावरच्या गाठोड्यात रिकामी करायची, एवढ्यानेही फरक पडतो. ज्याला आमवात आहे त्याची सकाळ वाईट जाते, दुपार बरी. त्याला सातऐवजी नऊला बोलवा आणि तासांचे पैसे द्या.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. सांधा दुखतो म्हणून माणसाला खाटेवर बसवणे हा उपाय नव्हे. सुजेच्या दिवसांत विश्रांती हवी. पण एरवी हालचाल थांबली की मांडीचे स्नायू सुकतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. बेताचे काम हे औषधाच्या बाजूचेच आहे.

कायदा कोणाच्या दारी

सरकारी नोकराला याबाबत चांगले कवच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितले, की नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने त्याला काढायचे नाही, खालच्या पदावर ढकलायचे नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगाराचे दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करायचे. पाय कापावा लागलेल्या एका शिपायाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तसा निकालही दिला.

उत्तम आहे. आमची तक्रार हे कवच असण्याची नाही, ते कचेरीच्या दारातच थांबते याची आहे. वेचणीवालीला, सालदाराला, मागवाल्याला, आणि जो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर आहे त्या कोरडवाहू शेतकऱ्याला, "त्याच पगाराचे दुसरे काम" कोण देणार?

प्रमाणपत्राचीही गंमत आहे. बहुतेक सवलती ४० टक्क्यांच्या वर. संधिवात तर आज उठतो, उद्या बसतो. तपासणीच्या दिवशी सूज उतरलेली असली तर माणूस कागदावर धडधाकट. सवलत मिळेपर्यंत सांधा पुरता जावा लागतो, आणि मग मिळते ते अनुदान. आधी काम घालवायचे आणि मग दान द्यायचे, हा धंदा शेतीमालाच्या बाबतीत आपल्या चांगला ओळखीचा आहे.

ब्रिटनमध्ये १९९४ पासून एक योजना आहे. दुखणाईत माणसाला काम चालू ठेवण्यासाठी जे अवजार, जी मदत लागेल तिचा खर्च सरकार देते, आणि स्वतःचा धंदा करणाराही त्यात बसतो. २०१० पासून तिथला डॉक्टर नुसती "विश्रांती" लिहीत नाही. कामाचे तास कमी करावे, काम बदलावे, हळूहळू कामावर घ्यावे, असेही लिहू शकतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला असे चार शब्द लिहायला कोणता निधी लागतो?

परवडेल काय?

"आम्हीच तोट्यात, हळू काम करणारा मजूर आम्ही कुठून पोसायचा?" हा सवाल खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण वरची यादी पुन्हा पाहा. कामाची अदलाबदल, वेळेची सवड, ओटी लवकर रिकामी करणे, याला दमडी लागत नाही. कोळप्याला लागतात ते पैसे एकदाच. शिवाय तो हळू मजूर बहुतेक घरी आपली आई असते, बायको असते, आपण स्वतः असतो. पंचवीस वर्षे ज्याने बियाणे निवडले, ज्याला पाण्याची, कीडरोगाची नजर आहे, त्याला गुडघ्यापायी शेताबाहेर काढणे हाच तोट्याचा व्यवहार आहे. आणि जो खर्च खरोखर लागतो, तो उत्पादनखर्चात धरला गेला पाहिजे. भावात माणसाची झीज नसेल, तर ती शेतकरी आणि मजूर आपसांत कशी वाटून घेणार?

जिल्हा बैठकीपुढे म्हणून चार गोष्टी ठरावासाठी ठेवतो. एक, उत्पादनखर्चात कष्टकऱ्याच्या शरीराच्या झिजेचा रकाना असावा. दोन, उभ्याने करायच्या निंदणीच्या आणि काढणीच्या हातअवजारांना ट्रॅक्टरच्या बरोबरीने अनुदान मिळावे. तीन, उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी संधिवाताची तपासणी व्हावी आणि डॉक्टरने झेपेल ते काम लिहून द्यावे. चार, दुसऱ्या कामाचा हक्क कचेरीबाहेरच्या श्रमिकालाही मिळावा.

पहिल्या तीनसाठी भांडावे लागेल, चौथ्यासाठी फार भांडावे लागेल. पण एक गोष्ट आजच होण्यासारखी आहे. येत्या वेचणीला रानात जाल तेव्हा टोळीतल्या प्रत्येकीला विचारा: कुठे दुखते आणि कोणते काम जमेल? तिचे उत्तर ऐकून कामाची वाटणी करा. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.