विश्लेषण : फुप्फुसात गाठ दिसली म्हणजे कर्करोगच का?

खोकल्यासाठी किंवा अपघातानंतर छातीचा सीटी स्कॅन होतो आणि अहवालात एक ओळ येते : ‘उजव्या फुप्फुसात ७ मिमीची नोड्यूल’. घरातल्यांची झोप उडवायला ती पुरेशी असते. मात्र अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात.

नोड्यूल म्हणजे काय?

फुप्फुसातील ३ सेंटिमीटरपर्यंतची, साधारण गोल गाठ. अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक जणांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीटीने संशयास्पद ठरवलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कर्करोगाचे नव्हते. मात्र याच चाचणीत छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत सीटीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

सीटीत फरक कसा ओळखतात?

आकार, कडा आणि घनता पाहून. मधोमध किंवा पूर्ण गाठीत कॅल्शियम साचलेले असेल, आत चरबी दिसत असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. कडेतून किरणांसारखे धागे बाहेर पडत असतील तर संशय वाढतो. वय आणि धूम्रपानाचा इतिहासही महत्त्वाचा.

क्षयरोगामुळे गुंता का?

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण अनेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात राहतात आणि कर्करोगाची गाठही तिथेच अधिक आढळते. सक्रिय क्षयाची गाठ पेट स्कॅनमध्येही ‘उजळते’. त्यामुळे केवळ चित्रावरून क्षयाची औषधे सुरू झाली, तर कर्करोगाच्या उपचाराचे मोलाचे महिने वाया जाऊ शकतात.

मग निर्णय कसा होतो?

बऱ्याचदा काळच उत्तर देतो. फ्लाइशनर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कमी जोखमीच्या प्रौढांत ६ मिमीपेक्षा लहान घन गाठीसाठी पुन्हा स्कॅन सहसा लागत नाही. ६ ते ८ मिमीच्या एकट्या घन गाठीसाठी ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन, तर त्याहून मोठ्या गाठीसाठी तीन महिन्यांनी स्कॅन, पेट-सीटी किंवा बायोप्सीचा विचार होतो. ६ मिमीची गाठ साडेसात मिमी झाली, तर वाढ किरकोळ वाटते. प्रत्यक्षात घनफळ जवळपास दुप्पट झालेले असते. उलट, घन गाठ दोन वर्षे जैसे थे राहिली तर ती बहुधा निरुपद्रवी मानतात. धूसर काचेसारख्या दिसणाऱ्या गाठी संथ वाढतात. त्यांच्यावर पाच वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत टाकू नयेत. आजच्या गाठीचा खरा अर्थ अनेकदा तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये सापडतो.