टायर फुटला म्हणे!

'टायर फुटून अपघात' अशी बातमी वाचली की माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. 'फुटणे' हे अकर्मक क्रियापद. कर्ता कोण, तर टायर. माणूस वाक्यातून अलगद बाहेर! १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जीव गेले, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचंच सांगितलं. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नाही.

बरं, खरोखर फुटतो तेव्हा तरी दोष टायरचाच असतो का? आमचं पनवेल म्हणजे पुण्याच्या द्रुतगती मार्गाचं तोंड. इथल्या पंपांवर शिकलेसवरलेले लोक सांगतात, "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेव." का, तर हवा तापून प्रसरण पावते आणि टायर फुटतो. काय ही अर्धी विद्या! अहो, हवा कमी असली की टायर जास्त चेपतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची कड दुमडते आणि सरळ होते. त्यातूनच तो तापतो. ताशी शंभरच्या वेगाने, गाडीत सात माणसं आणि टपावर बॅगा असताना किती तापेल? ज्या भीतीने हवा काढली, तीच गोष्ट आपण ओढवून घेतो. चालताना दाब थोडा वाढणारच, हे धरूनच गाडीच्या कंपनीने आकडा दिलेला असतो.

तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्तीचा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो. पण वाचतो कोण? हवा भरणारा पोरगा विचारतो, "किती मारू?" आणि लाखोंच्या गाडीचे मालक म्हणतात, "मार तुझ्या अंदाजाने." शिवाय दाब मोजायचा तो गार टायरचा, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. आपण ठाण्याहून तापलेले टायर घेऊन कळंबोलीला येतो, आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढतो आणि तसेच घाटाला लागतो.

नायट्रोजनला पैसे मोजणाऱ्यांबद्दल काय बोलावं? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. असो.

आता गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी स्टेपनीची हवा तपासली असेल, त्यांनी हात वर करा बघू.