छायाचित्रातील मागची भिंत

सुटीचे दिवस आले की आपल्या मंडळींच्या सामानात फराळाचे डबे आधी भरले जातात आणि छायाचित्रांची तयारी त्यानंतर होते. पूर्वी ही तयारी म्हणजे मोठाच व्यवहार असे. आळीत कोणा एकाकडे ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ असे, तो मागून आणावयाचा, रोल विकत घ्यावयाचा आणि बारा छायाचित्रांत सारी सहल बसवावयाची. बारापैकी दोन-तीन उरली तर रोल तसाच कॅमेऱ्यात राही, आणि मग धुऊन आल्यावर दिवाळीची रांगोळी, धाकट्याची मुंज व ओंकारेश्वरचा घाट एकाच पाकिटातून बाहेर पडत. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे व त्यात बारा सोडून बाराशे छायाचित्रे मावतात. ही सुबत्ता वाईट असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. रोल संपेल या भीतीने आमच्या पिढीने किती तरी गोष्टी पाहिल्या आणि टिपल्या नाहीत.

आमच्या बाजूच्या लोकांना नौकाविहार म्हटला की आता हनुवंतिया आठवते. बुऱ्हाणपुराहून असीरगडाच्या पायथ्यावरून खंडवा गाठावे, पुढे मूंदीवरून गेले की इंदिरासागराचे पाणी समोर येते. पुनासाजवळ नर्मदेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी १९८४ साली झाली. उंची ९२ मीटर, लांबी ६५३ मीटर, आणि साठवणीच्या मापाने हा देशातील सर्वांत मोठा जलाशय. २०१६ साली हनुवंतियाला पहिला जलमहोत्सव भरला, तेव्हापासून ‘क्रूझ’ हा शब्द निमाडातल्या शेतकऱ्याच्याही तोंडी रुळला. मुंबई-गोव्याच्या समुद्रावरील थाटाशी तुलना करू नये. परंतु वरच्या डेकवर उभे राहिले आणि चारी बाजूंना पाणीच पाणी दिसू लागले की तापीकाठच्या माणसाचाही ऊर दडपतो.

आमच्या शाळेतील शिक्षक सहकुटुंब तेथे गेले, त्यांत मीही होतो. त्या दोन तासांत किती छायाचित्रे निघाली याची गणती नाही. मात्र त्यांतील बहुतेक एकसारखी होती. वरती आकाश, खाली पाणी, मध्ये एक बारीक काळी रेघ. ती रेघ म्हणजे दूरचा काठ. डोळ्यांना तो भव्य दिसतो आणि छायाचित्रात दोऱ्याएवढा होतो, कारण फोनचे भिंग रुंद दृश्य सामावून घेते व दूरच्या वस्तू आक्रसून टाकते. यावर उपाय सोपा आहे. जवळचे काहीतरी चौकटीत घ्यावे: बोटीचा कठडा, कोळ्याची होडी, पाण्यातून डोके काढून उभे असलेले वाळके झाड. मग पाण्याला खोली येते. कठड्याला टेकून छायाचित्र घेऊ नये, इंजिनाची थरथर हातात उतरते. कोपरे अंगाशी धरून मोकळे उभे राहावे. पाण्याची रेघ तिरपी असेल तर सारा जलाशय एका बाजूला सांडल्यासारखा दिसतो. भर दुपारी पाणी चकाकते आणि माणसांचे चेहरे कोळशासारखे येतात, म्हणून ऊन बाजूने येईल असे उभे करावे व पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे उजेड चेहऱ्याच्या मानाने बसतो. सूर्यास्ताची घाई सर्वांनाच असते, पण त्याच्या आधीचा तास अधिक गुणी असतो.

एवढे सांगून हा लेख संपविता आला असता. परंतु आमच्यातील एक शिक्षक बोटीवर सर्वांची छायाचित्रे काढून देत होते आणि स्वतः एकाही छायाचित्रात उभे राहिले नाहीत. ते मूळचे हरसूदचे.

तरुण वाचकांना हे नाव परिचयाचे नसेल. याच जलाशयाच्या दुसऱ्या अंगाला हरसूद नावाचे नांदते गाव होते. बाजारपेठ, शाळा, देवळे, मशिदी, रेल्वेस्टेशन असलेले. १९८९ च्या सप्टेंबरात मोठ्या धरणांच्या विरोधात देशभरातून लोक तेथे जमले होते. पुढे ३० जून २००४ ही गाव रिकामे करण्याची मुदत ठरली. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे उतरविली, विटा आणि सागाच्या तुळया गाड्यांत भरल्या आणि छनेराजवळच्या नव्या हरसूदकडे वाट धरली. धरणाच्या पोटात लहानमोठी सुमारे अडीचशे गावे आली. हरसूद त्यांतील सर्वांत मोठे.

त्या दिवसांत वृत्तपत्रांचे छायाचित्रकार तेथे पुष्कळ आले व त्यांनी आपले काम चोख केले. पण त्यांच्या चित्रांत घर पडताना दिसते. उभे असलेले घर त्यांना दिसणार कोठून? ते टिपण्याचे काम घरच्याच माणसाचे होते, आणि घरच्या माणसाला वाटते की घर काय, उद्याही आहेच.

या शिक्षकांच्या घरी एक अल्बम आहे. त्यात थोरल्या भावाच्या लग्नाची रंगीत छायाचित्रे आहेत. त्या काळच्या रंगांप्रमाणे आता तांबूस पडलेली. त्यांची मुलगी ती फोनवर घेऊन मोठी करकरून पाहते. नवरदेवाकडे तिचे लक्ष नसते, ती मागची भिंत पाहते. भिंतीवरचा कोनाडा, कोनाड्यातला कंदील, कडेला अर्धवट आलेली दुकानाची पाटी. नवरदेवाच्या फेट्यामागे दाराच्या चौकटीची नक्षी बोटभर दिसते, तेवढीच राहिली. ओट्याला पायऱ्या तीन होत्या की चार, यावरून दोघे भाऊ आजही वाद घालतात. ओट्याचे एक छायाचित्र आहे, परंतु पायऱ्यांवर वऱ्हाडी मंडळी दाटीने बसली आहेत. त्यांच्या आईला स्वयंपाकघर पाहावयाचे असते. ते कोठेच नाही. स्वयंपाकघराचे छायाचित्र कोण काढतो? उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाची जोती उघडी पडतात आणि लोक पाहावयास जातात. हे शिक्षकही जाऊन आले. जोत्यावरून खोल्या मोजता आल्या, पायऱ्या नव्हत्या. दगड कोणीतरी नेले होते.

बोटीवर मी त्यांना विचारले, “सर, आपण उभे नाही राहिलात?” ते म्हणाले, “मागे पाणीच येतंय, सर.” मी विषय वाढविला नाही.

आमच्या जैनाबादेतही छायाचित्रांसाठी लोक येतात. १६३१ साली बुऱ्हाणपुरात मुमताजमहलचे निधन झाले आणि आग्र्यास नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचे शव येथील आहुखान्याच्या बागेत होते, हे वाचून येणारे येतात, कमानीसमोर उभे राहतात, दहा मिनिटांत परततात. त्या कमानीची हजारो छायाचित्रे असतील. तिच्या वाटेवरील केळीच्या बागा, तापीच्या पात्रात धुणे वाळत घालणाऱ्या बाया, पलीकडे बुऱ्हाणपुरात जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसविलेले यंत्रमाग, यांची किती असतील? हे माग बदलत आहेत, वाडे तर डोळ्यांदेखत उतरत आहेत. त्यांना धरण लागत नाही, वाटण्या पुरतात.

म्हणून गेल्या वर्षी आठवी-नववीच्या मुलांना मी सुटीचा एक अभ्यास दिला. घरातील, रोज दिसते म्हणून कोणी पाहत नाही अशा एका वस्तूचे वा जागेचे छायाचित्र काढून आणावे. फोनमध्ये ठेवलेले चालणार नाही, कागदावर उतरवून आणावे. फोन नदीत पडतो, बिघडतो, विकला जातो, आणि त्याबरोबर चार वर्षांची लग्ने व बारशी नाहीशी होतात, हे आमच्या गल्लीत घडलेले आहे. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने तारीख, जागा व माणसांची नावे लिहावीत. बॉलपेनने लिहिले तर दाबाची रेघ पुढे उमटते. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना वर्गशिक्षकांनी आपला दिला.

पहिल्या खेपेस निम्म्या मुलांनी दूरदर्शन संच आणि मोटारसायकल आणली. ती परत केली. दुसऱ्या खेपेस मात्र नवल पाहावयास मिळाले. एकाने मागाखालचा खड्डा आणला, ज्यात त्याचे वडील पाय सोडून दुरुस्तीस बसतात. वडिलांची फक्त पाठ आली आहे. एकाने आहुखान्याकडे जाणारी पायवाट आणली, कमान गाळून. एका मुलीने पाट्या-वरवंट्याचे छायाचित्र आणले, थोडे हललेले. मागे पेन्सिलीने तारीख, जैनाबाद असे लिहून खाली एक वाक्य होते: “पाटा आजीचा आहे. आजी फोटोत नाही, कारण ती म्हणाली, आधी लुगडे बदलू दे.”