शितावरून भाताची परीक्षा पोटाला चालत नाही!

पोटात जळजळ होतेय? घ्या सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आपल्या गावात या एका वाक्यावर लोकांची वर्षं निघतात.

आमच्या आळीतले दुकानवाले काका. आठ महिने गोळी चालू. वजन बारा किलो उतरलं, तेव्हा जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीतून तपासणी झाली. तुकडा काढला एकच. रिपोर्ट आला: अल्सर, सूज. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. तीन महिन्यांनी रक्ताची उलटी झाली आणि मुंबई गाठावी लागली. ऑपरेशन करून काढलेल्या जठरात एक नाही, तीन गोष्टी निघाल्या. आतल्या अस्तराचा कॅन्सर. स्नायूच्या थरात 'जिस्ट' नावाची वेगळीच गाठ. आणि आजूबाजूचं अस्तर बदलून आतड्यासारखं झालेलं.

'नशीब त्यांचं' म्हणून सोडू नका. एका पोटात दोन जातीच्या गाठी क्वचितच असतात, पण असतात. जिस्ट अस्तराखाली वाढते, वरवरच्या चिमट्याला बहुतेक वेळा लागतच नाही. अस्तर बिघडतं तेही ठिगळासारखं, इथे आहे अन् दोन बोटांवर नाही. म्हणून तर 'सिडनी' पद्धतीत जठराच्या ठरलेल्या ५ जागांवरून तुकडे घेतात. व्रण संशयास्पद दिसला तर त्याचे आणखी ६ ते ८. भात एका पातेल्यात सारखा शिजतो, म्हणून शितावरून कळतो. जठर तसं बिघडत नाही.

आणि फरक नुसता कागदावरचा नाही. जिस्टवर चालणारी इमॅटिनिबची गोळी अस्तराच्या कॅन्सरचा नेहमीचा उपचार नाही. एक गाठ नजरेतून सुटली की उपचार अर्धाच.

यातलं बरंचसं सुरू होतं एका जंतूपासून, हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कॅन्सरकारक ठरवलं. २००५ चं नोबेल तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना मिळालं. अँटिबायोटिक्सने तो जातो. आपल्याकडे गोळी लिहून देताना त्याची तपासणी किती जणांची होते, सांगा बरं?

दोष एकट्या डॉक्टरचा नाही. तुकडे वाढले की बिल वाढतं, आणि बिल पेशंटच्या खिशातून. पुढाऱ्यांनो, ऑपरेशनच्या योजनांचे फ्लेक्स चौकाचौकात लावता. सरकारी दवाखान्यात दुर्बीण, ती चालवणारा डॉक्टर आणि तुकडे तपासणारा पॅथॉलॉजिस्ट कधी देणार? रोग वेळेत सापडलाच नाही तर योजना काय चाटायची?

तोवर आपणच विचारायचं. तुकडे किती घेतले? कुठून घेतले? जंतूची तपासणी केली का? अस्तराखाली फुगवटा दिसला असेल तर पुढची सोनोग्राफी-दुर्बीण किंवा सीटी कधी? विचारताना लाजू नका.

पोस्ट शेअर नंतर करा. आधी घरातलं गोळ्यांचं पाकीट बघा, किती महिने चालू आहे ते. सोबत वजन उतरतंय, घास अडकतोय, शौचाला काळं होतंय, तर उद्याच निघा. गोळीने जळजळ थांबते, गाठ थांबत नाही.