झाडू कोण देणार, हजेरी कोण घेणार?

लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी तीन नवी फौजदारी विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झाले होते. दंडापेक्षा न्यायावर भर, ही गृहमंत्री अमित शहा यांची मांडणी स्वागतार्ह होती. पण दोषी ठरलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला भिडायला विरोधी बाकांवर पुरेशी माणसेच नव्हती.

सामुदायिक सेवेचेच पाहा. या विधेयकांच्या ऑगस्टमधील मसुद्यात ही शिक्षा होती, व्याख्या नव्हती. ब्रिजलाल यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने त्यावर बोट ठेवले आणि तिन्हींपैकी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये व्याख्या आली: समाजाच्या उपयोगाचे, बिनमोबदल्याचे काम. समितीने हे मोलाचे काम केले. तरीही किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, याबद्दल संहिता गप्प आहे. समजा, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आहे, माल परत केला आहे आणि न्यायालयाने आरोपीला सरकारी रुग्णालयाचे आवार झाडायला पाठवले. सकाळी त्याने झाडू मागायचा कोणाकडे? हजेरी कोण मांडणार? चार दिवस तो फिरकलाच नाही, तर न्यायालयाला कळवणार कोण?

असा माणूस कायद्यात १९५८ पासून आहे, तो म्हणजे परिविक्षा अधिकारी. अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम १४ नुसार चौकशी करणे, देखरेख ठेवणे, गरज पडल्यास रोजगार शोधून देणे ही त्याचीच कामे. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल, तर कलम ६ प्रमाणे त्याचा अहवाल मागवावाच लागतो. वकील गप्प राहिले तरी शिक्षा ठरवताना न्यायालयाने स्वतःहून माहिती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने वेदप्रकाश खटल्यात पूर्वीच बजावले आहे. सामुदायिक सेवेची देखरेख याच अधिकाऱ्याकडे, पुरेशी पदे भरून, सोपवायला हवी.

शिक्षा होण्याआधीच आत असलेल्यांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. तुरुंगांची स्थिती आकडेच सांगतात. २०२२ अखेर देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि नुसते कच्चे कैदीच ४,३४,३०२ होते. यावर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हा उतारा आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की सुटकेसाठी अर्ज करायचे बंधन तुरुंग अधीक्षकांवर आहे. तीन वर्षांच्या शिक्षेच्या चोरीत हा काळ एक वर्षाचा. जन्मठेप आणि फाशीचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. जुन्या खटल्यांनाही ही तरतूद लागू असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झाले.

मात्र याच कलमाचे दुसरे पोटकलम एकाहून अधिक खटले असलेल्याला दार बंद करते. दुचाकीचोरीचे दोन खटले नावावर असलेला तरुण, एकातही दोषी ठरलेला नसताना, या सवलतीबाहेर जातो. हे अन्यायाचे आहे. ते पोटकलम संसदेने बदललेच पाहिजे.

तोवर वकील मित्रांना एक विनंती. शिक्षेवरील युक्तिवादाआधी परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाची मागणी लेखी करा आणि ती रोजनाम्यात नोंदवून घ्या.