वारा पडला आणि...

आस्वानला पोचलो तेव्हा ट्रिपची एक्सेल शीट मला तोंडपाठ होती. पहाटे चारला अबू सिंबेलसाठी गाडी, दुपारी जेवण, तीन ते पाच फेलुका, सात वाजता लक्सरची ट्रेन. सुट्टीवर होते, पण डेडलाइन काही सुटल्या नव्हत्या!

फेलुका म्हणजे नाईलवरची लाकडी होडी. मोठ्ठं तिकोनी पांढरं शीड आणि इंजिन नाही. कॉर्निशवर (म्हणजे आस्वानची मरीन ड्राइव्ह) आम्हाला बघताच एका नावाड्याने ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ अशी हाक मारली. पन्नाशीचा, न्यूबियन, पायघोळ गलाबिया घातलेला. दोन तासांसाठी घासाघीस झाली. ‘नक्की पाचला परत ना?’ मी तीनदा विचारलं. ‘इन्शाअल्लाह,’ तो तीनदा म्हणाला.

शीड फुगलं आणि एकदम शांतता. इथली गंमत अशी, की नाईल वाहते दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि वारा बहुतेक वेळा वाहतो उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाताना शीड उभारायचं आणि परत येताना गुंडाळून पाण्यावर सोडून द्यायचं. फुकटातलं रिटर्न तिकीट! प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीतही दक्षिणेला जाणं दाखवायचं तर शीड उभारलेली होडी काढत आणि उत्तरेला जाणं असेल तर बिनशिडाची.

डावीकडे १८९९ चं ओल्ड कॅटरॅक्ट हॉटेल, उजवीकडे एलिफंटाइन बेटाचे पाठमोऱ्या हत्तींसारखे दिसणारे ग्रॅनाइटचे खडक. बेटाला वळसा घातला तर पश्चिमेच्या वाळूच्या टेकडीवर आगाखानांची कबर. हो, तेच तिसरे आगाखान, पुण्यातल्या आगाखान पॅलेसवाले. १९५७ मध्ये ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना इथे आस्वानला दफन केलं. ‘आमच्या गावात त्यांचा पॅलेस आहे,’ मी टेचात सांगितलं. ‘आणि तुमचं गाव कुठलं?’

तेवढ्यात वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं. पाणी आळसावलेलं, होडी जागच्या जागी. पावणेपाच वाजले होते. मी घड्याळ बघितलं, मोबाईल बघितला, पुन्हा घड्याळ. नावाड्याने मात्र शांतपणे चहा टाकला. मग माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याने बोट खाली, पाण्याकडे केलं आणि मग दक्षिणेकडे, धरणाच्या दिशेने.

आस्वानच्या मोठ्या धरणाचं काम १९६० ते १९७० चाललं. मागे तयार झालेल्या नासर सरोवरात न्यूबियन लोकांची गावंच्या गावं बुडाली. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या जवळजवळ ५० हजार न्यूबियन लोकांना कोम ओम्बोजवळ नव्या वसाहतींत नेलं. नदीपासून लांब. त्याचे आईवडील त्यातलेच. ‘माझी आजी नवीन घरात रोज विचारायची, नदी कुठेय?’ तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. मोठा झाल्यावर तो नदीपाशी परत आला आणि होडी चालवायला लागला.

आणि मला सकाळ आठवली. अबू सिंबेलची देवळं याच पाण्यातून वाचवली होती. युनेस्कोच्या मोहिमेत, १९६४ ते १९६८ मध्ये, अख्खी देवळं कापून, तुकड्यातुकड्याने सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. गाईडने अभिमानाने सांगितलं आणि आम्ही ‘वॉव’ म्हटलं. पण गावांबद्दल त्याने एक शब्द काढला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आम्ही दर विकेंडला पवना डॅमला जाणारी मंडळी. टेंट, बार्बेक्यू, गिटार, पाण्यावर पडलेलं चांदणं. त्या पाण्याखाली कोणाची शेतं गेली, कोणाची घरं गेली, हे मी कधी कुणाला विचारलंय? धरणाने वीज दिली, पाणी दिलं, हे इजिप्तलाही मान्य आणि आपल्यालाही. माझ्या घरचा नळही धरणावरच चालतो. पण किंमत मोजणारा माणूस मला भेटला तो थेट नाईलवर, तोही वारा पडला म्हणून! वेळेत परतलो असतो तर टिप देऊन पळाले असते.

शेवटी त्याने वल्ही काढली. काठाला लागलो तेव्हा सव्वासहा झाले होते. जादा वेळेचे पैसे त्याने मागितले नाहीत, आम्हीच दिले. ट्रेन धावतपळत मिळाली.

पुढच्या महिन्यात पवनाचा प्लॅन आहे. टेंट बुक झालेत. या वेळी टेंटवाल्या काकांना चहा पाजून त्यांचं मूळ गाव विचारणार आहे.